विरून जाणारी नळी



‘टाके काढायला यायची गरज नाही, ते आपोआप विरघळतील.’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी डॉक्टरांच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेलं असतं. आपण मान डोलावतो, खूश होतो आणि घरी येतो. तो दोरा पुढे कुठे गेला, कशामुळे गेला, हे विचारायचं राहूनच जातं. आज मी बोलणार आहे ते त्या दोऱ्याबद्दल. त्याच दोऱ्याच्या भाऊबंदांपासून रक्तवाहिनी तयार करता येईल का, या प्रश्नावर जगभर गेली चाळीसएक वर्षं काम चाललं आहे. बातम्यांमध्ये दर वर्षा-दोन वर्षांनी ‘कृत्रिम रक्तवाहिनी तयार’ असा मथळा येतो. मग आपल्या ओळखीच्या माणसाच्या बायपासमध्ये अजूनही पायातलीच शीर का काढतात? आजच्या बोलण्यातून याचं उत्तर मिळावं असा माझा प्रयत्न आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण पॉलिमर रसायनशास्त्रातलं. त्यामुळे मी या विषयाकडे दोऱ्याच्या बाजूने बघते, रुग्णाच्या खाटेच्या बाजूने नाही. ऐकताना तेवढं लक्षात असू द्या.

बायपासपासून सुरुवात करू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या धमन्या असतात, त्यांचा व्यास साधारण तीन-चार मिलिमीटर. म्हणजे जाडसर स्ट्रॉपेक्षाही कमी. त्यातली एखादी कोंडली की तिला वळसा घालून दुसरी नळी जोडतात. रस्ता बंद असला की शेतातून वळणरस्ता काढतात, तसंच. ही नळी आणायची कुठून? १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननी पायातली लांब शीर काढून वापरली आणि बायपासची शस्त्रक्रिया रुळली. छातीच्या हाडामागे एक धमनी असते, इंटर्नल मॅमरी. ती तर फारच गुणी. दहा वर्षांनंतरही शंभरातल्या नव्वदहून अधिक उघड्या असतात. पायाच्या शिरेचं तसं नाही. दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद पडतात किंवा बऱ्याच अरुंद होतात. बिचारी शीर संथ, कमी दाबाच्या रक्तासाठी घडलेली. तिला धमनीच्या जागी बसवलं की ती आपली भिंत जाड करत जाते.

आता आपल्याकडची गोष्ट. इंटरहार्ट नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला होता. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका आला तेव्हाचं मधलं वय ५३ निघालं, इतर देशांत ते ५९ च्या आसपास. म्हणजे आपल्या माणसाला ही नळी लवकर लागते, आणि पुढे जास्त वर्षं पुरावी लागते. ५३ व्या वर्षी बसवलेली शीर ६३ व्या वर्षी कोंडली, तर दुसऱ्या खेपेला काढायचं काय? एका पायातली शीर संपलेली, दुसऱ्या पायात व्हेरिकोज व्हेन्स, मधुमेहामुळे उरलेल्या शिरा बारीक. डायलिसिसवर असलेल्यांची अडचण याहून वेगळी. त्यांच्या हातात आठवड्यातून दोन-तीनदा दोन जाड सुया जातात. हाताच्या शिरा वापरून संपल्या की नळी लागतेच.

तर तयार नळी का नाही? खरं म्हणजे आहे, आणि सत्तर वर्षांपासून आहे. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कापडाची महाधमनी शिवली, तीही घरच्या, बायकोच्या शिलाई मशीनवर. शिवणकाम त्यांना आईने लहानपणीच शिकवलं होतं. ते सांगायचे, की दुकानात नायलॉन आणायला गेलो, नायलॉन संपलं होतं, म्हणून डेक्रॉन घेतलं. डेक्रॉन म्हणजे आपलं पॉलिएस्टर. आपल्या आजोबांच्या टेरिलीनच्या शर्टाचं आणि पाण्याच्या बाटलीचं रसायन तेच. ही पॉलिएस्टरची नळी पोटातल्या महाधमनीत बसवली तर वर्षानुवर्षं चालते. पुढे टेफ्लॉन ताणून केलेल्या नळ्या आल्या. पायाच्या मोठ्या धमन्यांत, डायलिसिससाठी हातात त्या आजही वापरतात.

गाडी अडते ती सहा मिलिमीटरच्या खाली. कारण समजायला थोडं गणित बघू, सोपं आहे. परक्या वस्तूला रक्त लागलं की आतून थर बसतो. समजा सगळीकडे अर्धा मिलिमीटर बसला. वीस मिलिमीटरची नळी एकोणीसची झाली. नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, म्हणजे त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळावा हिस्सा. या हिशोबाने वीसच्या नळीतला प्रवाह साधारण एकोणीस टक्के कमी होतो. माणसाला कळतही नाही. तोच अर्ध्या मिलिमीटरचा थर तीन मिलिमीटरच्या नळीत बसला, तर आतली जागा दोन मिलिमीटर उरते आणि प्रवाह ऐंशी टक्के जातो. मोठ्या जलवाहिनीत शेवाळ धरलं तर नगरपालिकेला पत्ता लागत नाही, पण ठिबकच्या नळीत क्षार धरले की रोप सुकतं.

शिवाय कापडाच्या नळीला आतलं अस्तर नसतं. आपल्या रक्तवाहिनीच्या आतून एंडोथेलियम नावाचा पेशींचा एकेरी थर असतो. हा थर सारखा कामात असतो. गुठळी होऊ न देणारे पदार्थ सोडणं, नळी सैल करणं, चिकटू पाहणाऱ्या प्लेटलेटना हुसकावणं, हे सगळं तो करतो. प्लास्टिक यातलं काही करत नाही. आणि प्लास्टिक ताठ असतं. धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते, आक्रसते. दिवसाला एक लाखाच्या वर ठोके. ताठ नळी आणि लवचीक धमनी यांच्या जोडावर दिवसरात्र ओढाताण होते, आणि तिथेच पेशी वेड्यासारख्या वाढून तोंड बुजवतात.

इथे विरघळणाऱ्या दोऱ्याची आठवण होते. नळी कायम ठेवायचीच नाही असं ठरवलं तर? शरीराला थोडे दिवस आधार द्यायचा, त्यावर त्याच्याच पेशींना भिंत बांधू द्यायची, आणि आधार विरून जाऊ द्यायचा. मागे उरेल ती जिवंत, लवचीक, स्वतःची डागडुजी करणारी धमनी. या आधाराला आम्ही स्कॅफोल्ड म्हणतो, मराठीत परांची. मला मात्र स्लॅबखालच्या सेंट्रिंगची उपमा जास्त पटते. परांचीवर गवंडी उभा राहतो. सेंट्रिंगवर खुद्द स्लॅबचं वजन असतं. काँक्रीट पुरतं धरायच्या आत सेंट्रिंग काढलं तर स्लॅब कोसळतो. आणि सेंट्रिंग काढलंच नाही, तर घरात राहायला जाता येत नाही. या विषयातली निम्मी भांडणं ‘सेंट्रिंग कधी काढायचं’ एवढ्या एका प्रश्नावर आहेत.

ते ‘कधी’ रसायनशास्त्राच्या हातात असतं. टाक्यांचा दोरा पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा असतो, आम्ही त्याला पीजीए म्हणतो. १९७० च्या सुमारास तो बाजारात आला. त्याची साखळी एस्टर नावाच्या बंधांनी जोडलेली असते, आणि हे बंध नुसत्या पाण्याने तुटतात. शरीरात पाण्याला तोटा नाही. तुटून जे ग्लायकोलिक ॲसिड निघतं ते शरीर पचवून टाकतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून. पीजीएची ताकद तीन-चार आठवड्यांत संपते. त्याचा भाऊ पॉलिलॅक्टिक ॲसिड, पीएलए. त्याच्या साखळीवर एक जास्तीचा कार्बन लटकलेला असतो. तो छत्रीसारखा पाणी अडवतो, म्हणून पीएलएला वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. तिसरं पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पीसीएल. तेही दोन-तीन वर्षं टिकतं, वर मऊ आणि लवचीक. साठ अंशाला वितळतं, गरम चहात टाकलं तर मेणासारखं होईल. ही तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळली की मधली कुठलीही मुदत साधता येते. निदान कागदावर साधता येते.

प्रत्यक्षात काय काय होतं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जे पॉलिमर पाण्याने तुटतं ते कपाटातही तुटतं. मुंबईच्या जुलैमध्ये नमुना उघडा राहिला तर प्रयोगाच्या आधीच त्याचं वय वाढलेलं असतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या पाकिटात, ओल शोषणाऱ्या पुडीसह, थंडीत ठेवायचं. निर्जंतुक करायचं म्हणून प्रेशर कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये घातलं तर पीसीएलचा गोळाच हाती येतो. गॅमा किरण मारले तर साखळ्या तुटतात आणि सहा महिन्यांची नळी चार महिन्यांची होते. आणखी एक. पीएलए आणि पीजीए विरताना आम्ल सोडतात. भिंत जाड असेल तर ते आम्ल आत साठतं, ते साखळ्या आणखी भराभर तोडतं, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून पोखरली जाते. वाळवी लागलेली चौकट आठवा. रंग शाबूत, आणि बोट लावलं की भुगा.

नळी बनवायची रीत मात्र देखणी आहे. जत्रेत ‘म्हातारीचे केस’ बनवताना साखरेचे तंतू कसे उडतात ते आठवा. आमच्याकडे साखरेच्या जागी पॉलिमरचं द्रावण असतं, आणि गरगर फिरण्याच्या जागी दहा-वीस हजार व्होल्टचा विद्युतदाब. सुईच्या टोकाशी थेंब ताणला जातो, त्यातून केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक तंतू निघतो आणि समोर फिरणाऱ्या तीन-चार मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळला जातो. अर्ध्या-एक तासात पांढरी, कापसासारखी नळी तयार. याला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. सळईवरून नळी ओढून काढताना फाटते, ती वेगळी कला आहे. आणि तंतू जितके बारीक, तितकं जाळं दाट. दिसायला सुंदर, पण पेशीला आत शिरायला जागाच नाही, ती बाहेरच्या बाहेर पसरते. तंतू जाड करा, भोकं मोठी करा, तर पेशी आत जातात पण रक्तही पाझरतं. टाचणीवर तोल सांभाळायचा असतो, आणि त्याच नळीने टाके धरायचे, वाकताना मुडपायचं नाही, आणि रक्तदाबाच्या दहापट दाब सोसायचा. पायाची शीर फुटायला १,६०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाब लागतो. नव्या नळीला किमान तिच्या बरोबरीला यावं लागतं.

१९९९ साली दोन गोष्टी घडल्या. एक अमेरिकेत. लॉरा निकलसन आणि सहकाऱ्यांनी पीजीएच्या जाळीवर धमनीच्या स्नायुपेशी पेरल्या आणि ती नळी एका यंत्रात ठेवली. यंत्र गर्भातल्या हृदयाच्या ठेक्याने तिच्यातून द्रव ढकलत होतं. का, तर धमनी लहानपणापासून ठोके खातच घडते. व्यायामाशिवाय पैलवान तयार होत नाही तसं. आठ आठवड्यांत जाळी बहुतांशी विरली आणि मागे पेशींनी विणलेली, २,००० मिलिमीटरहून जास्त दाब सोसणारी धमनी उरली. डुकरांमध्ये ती बसवूनही दाखवली. सायन्स या नियतकालिकात हे आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं काम. पण वयस्क माणसाच्या पेशी घेतल्या की त्या थकलेल्या निघाल्या. ज्याला नळीची गरज, त्याच्याच पेशी ती विणायला असमर्थ.

दुसरी गोष्ट जपानमधली, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त शिकवणारी. टोकियोच्या महिला वैद्यकीय विद्यापीठात तोशिहारू शिनओका यांनी एका चार वर्षांच्या मुलीला अशी नळी बसवली. या मुलांच्या हृदयाचा एकच पंप नीट चालतो, म्हणून शरीरातलं अशुद्ध रक्त नळीवाटे थेट फुप्फुसाकडे वळवावं लागतं. प्लास्टिकची नळी बसवता येते, पण मूल वाढतं आणि नळी वाढत नाही. मग सहा-सात वर्षांनी पुन्हा छाती उघडा. शिनओकांची नळी पीसीएल आणि पीएलए यांच्या संमिश्र पॉलिमरची होती, पीजीएच्या विणलेल्या कापडाने मजबूत केलेली, आणि त्यावर त्या मुलीच्याच शिरेतून वाढवलेल्या पेशी पेरलेल्या. नळी सुमारे दहा मिलिमीटरची, आणि फुप्फुसाकडच्या कमी दाबाच्या बाजूची. तेव्हा ही हृदयाच्या धमनीची परीक्षा नव्हे, त्यापेक्षा सोपी. तरीही माणसाच्या शरीरात, वाढत्या मुलीत. पुढे पेशी वाढवत आठवडे घालवण्याऐवजी शस्त्रक्रियेच्या दिवशीच अस्थिमज्जेतल्या पेशी काढून नळीवर ओतायला सुरुवात झाली. पंचवीस रुग्णांना अशा नळ्या बसवल्या. सरासरी सहाएक वर्षांनी पाहिलं तर नळीमुळे एकही मृत्यू नव्हता, एकही नळी फुटली नव्हती, फुगली नव्हती. चौघांची नळी अरुंद झाली, ती फुग्याने उघडली.

सगळ्यांनी धरून चाललेलं होतं, की पेरलेल्या पेशी वाढतात आणि त्यांचीच भिंत होते. बी पेरलं, झाड आलं. येल विद्यापीठातल्या गटाने हे उंदरांमध्ये तपासलं. माणसाच्या पेशी ओळखू येतील अशा खुणेसह पेरल्या. आठवड्याभरात त्या गायब! पत्ताच नाही. आणि नळी मात्र छान रक्तवाहिनीसारखी होत गेलेली. मग भिंत बांधली कोणी? उंदराच्या स्वतःच्या पेशींनी. पेरलेल्या पेशींनी जाता जाता रासायनिक हाक घातली, त्या हाकेला रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी धावून आल्या, त्यांच्या मागून शेजारच्या रक्तवाहिनीतल्या पेशी सरकत आल्या. म्हणजे आम्ही ज्याला दाह म्हणतो, सूज म्हणतो, आणि जिला औषधं देऊन दाबतो, तिच्याच हातून बांधकाम झालं. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. दाह कमी झाला तर धमनी बनत नाही, जास्त झाला तर नळी बुजते. त्यानंतर पॉलिमरवाल्यांच्या डोक्यातली उपमा बदलली असं मला वाटतं. तोवर आम्ही ‘शरीराला कळू नये’ अशा वस्तू शोधत होतो. आता शरीराला कळायला हवंच, पण ते चिडता कामा नये. लग्नघरात मानापमान सांभाळणाऱ्या माणसाला हे लगेच समजेल.

अमेरिकेत २०११ मध्ये मुलांवर चाचणी सुरू झाली आणि अरुंद होण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. नव्या मुलांना घेणं थांबवलं. इथेच विषय संपू शकला असता. पण त्याच गटांनी, अभियंत्यांच्या मदतीने, नळीच्या भिंतीच्या वाढीचं संगणकी प्रारूप तयार केलं. त्या प्रारूपाने चमत्कारिक उत्तर दिलं. नळी आधी अरुंद होईल, आणि मग काही न करता आपोआप पुन्हा उघडेल. पॉलिमर असेपर्यंत दाह राहतो, भिंत सुजते. पॉलिमर विरलं की दाह ओसरतो आणि रक्ताच्या दाबाने भिंत पुन्हा योग्य जागी येते. मेंढ्यांमध्ये नळ्या बसवून वाट पाहिली. सुरुवातीला अरुंद झाल्या, आणि सहा महिन्यांपर्यंत उघडल्या. २०२० साली हे छापून आलं. ज्या अरुंदपणावर घाईने फुगा फिरवला जात होता, तो काही वेळा नुसतं थांबून जाणारा होता.

पण इथे एक खुंटी घट्ट ठोकून ठेवते. फुप्फुसाकडच्या रुंद नळीत थांबायला सवड असते. हृदयाच्या तीन मिलिमीटरच्या धमनीत नसते. तिथे सहा महिने अरुंद राहणं म्हणजे झटका. म्हणून मुलांमधलं यश जसंच्या तसं उचलून बायपासला लावता येत नाही.

आता उंदरांबद्दल. पिट्सबर्गमध्ये यादोंग वांग यांच्या गटाने २०१२ मध्ये पीजीएस नावाच्या रबरासारख्या पॉलिमरची नळी उंदराच्या महाधमनीत बसवली. वर पीसीएलच्या तंतूंचं पातळ वेष्टन, आणि पेशी अजिबात नाहीत. नव्वद दिवसांत नळी जवळपास विरली आणि मागे ठोक्याबरोबर फुगणारी, इलॅस्टिन असलेली धमनी राहिली. इलॅस्टिन म्हणजे धमनीचं रबर. प्रौढ शरीर ते सहसा नव्याने बनवत नाही, म्हणून सगळे चकित झाले. पीजीएस बनतं ग्लिसरॉल आणि सेबॅसिक ॲसिडपासून, आणि सेबॅसिक ॲसिड येतं एरंडेलातून. जगात सर्वांत जास्त एरंड भारतात पिकतो, त्यातही गुजरातेत. बडोद्याच्या मंडळींनी एरंडाच्या शेतावरून जाताना हे आठवून बघावं.

दुसरीकडे जिनिव्हाच्या गटाने पीसीएलची नळी उंदरांत दीड वर्ष ठेवली. सगळ्या नळ्या उघड्या राहिल्या, फुगल्या नाहीत. मात्र भिंतीत चुना साठत गेला आणि पेशी कमी होत गेल्या. तीन महिन्यांवर थांबले असते तर निकाल उत्तम म्हणून छापला गेला असता. मी कुठलाही शोधनिबंध उघडला की आधी मुदत बघते.

आणि मुदतीनंतर लांबी. उंदराच्या नळीची लांबी एक सेंटिमीटरच्या आसपास. दोन्ही टोकांकडून अस्तराच्या पेशी सरकत येतात आणि मध्ये भेटतात. माणसात टोकांकडून हे अस्तर एक-दोन सेंटिमीटर सरकतं आणि थांबतं, वर्षानुवर्षं तिथेच. बायपासची नळी दहा-पंधरा सेंटिमीटर, पायातली त्याहून लांब. मधला भाग उघडाच. तिथे अस्तर यायचं तर भिंतीतून आरपार, नाही तर रक्तातून येणाऱ्या पेशींकडून. त्यात उंदीर तरुण, निरोगी, एका वंशाचा. आपला रुग्ण साठीचा, मधुमेही, वीस वर्षं तंबाखू खाल्लेला.

आपल्या देशात काय चाललंय असं विचारतात, तर दोन कामं सांगते. आयआयटी गुवाहाटीत बिमान मंडल यांच्या गटाने रेशमाच्या नळ्या केल्या आहेत, तुतीच्या रेशमाबरोबर आसामचं मुगा रेशीमही वापरून. पिट्सबर्गच्या संशोधकांबरोबर त्या उंदरांमध्येही तपासल्या. रेशीम हे निसर्गाचंच पॉलिमर, शरीरात हळूहळू पचतं. यात एक गंमत आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या आर्थर व्हूरहीस यांना कुत्र्याच्या हृदयात राहिलेला एक टाका दिसला, त्यावर चकचकीत अस्तर चढलेलं होतं. त्यावरून त्यांना कापडाच्या नळीची कल्पना सुचली. तो टाका रेशमाचा होता. दुसरं काम कोचीच्या अमृता संस्थेतलं. तिथे इलेक्ट्रोस्पिनिंगच्या तंतूंचं सूत कातून ते चिमुकल्या मागावर विणून नळी करतात. नुसत्या गुंडाळलेल्या जाळ्यापेक्षा विणलेली नळी वाकवली तरी मुडपत नाही. इचलकरंजी-सोलापूरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

बाजारात पोचलेलं काय? निकलसन यांनीच पुढे वाट बदलली. दात्याच्या पेशी पीजीएच्या जाळीवर वाढवायच्या, जाळी विरली की पेशीही धुऊन काढायच्या, आणि उरलेली कोलॅजनची नळी कोणालाही चालेल अशी साठवून ठेवायची. सहा मिलिमीटरची ही नळी डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पण फक्त एका कामासाठी: हातापायाची धमनी दुखापतीत तुटली आहे, अवयव वाचवायला तातडीने रक्त हवं आहे, आणि स्वतःची शीर वापरणं शक्य नाही, अशा प्रौढांसाठी. तिच्या माहितीपत्रावर नळी फुटून रक्तस्राव होऊ शकतो असा ठळक इशाराही छापलेला आहे. पॉलिमर इथे रुग्णाच्या शरीरात जातच नाही, कारखान्यातच आपलं काम करून संपतं. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. काहींना ती माघार वाटते. नेदरलँड्समधली एक कंपनी उलट बाजूने निघाली आहे: पेशी नाहीत, फक्त इलेक्ट्रोस्पिनिंगची विरणारी नळी, आणि बांधकाम पूर्णपणे रुग्णाच्या शरीरावर सोपवलेलं. तिच्या डायलिसिसच्या नळीच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत.

व्याख्यान संपलं की हमखास विचारतात, ‘मग आमच्या बाबांच्या बायपासला ही नळी मिळेल का?’ आज नाही. आज सर्जन तुमच्या बाबांची छातीमागची धमनी वापरतील, कदाचित मनगटातली, आणि पायातली शीर. त्या नळ्या जास्त टिकाव्यात म्हणून दिलेल्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करायच्या नाहीत. काही बदल करायचा तो डॉक्टरांना विचारूनच. आणि घरात कोणाची किडनी हळूहळू कमी होत असेल, पुढेमागे डायलिसिसची शक्यता असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा, की सलाईन आणि रक्ताच्या सुया कुठल्या हाताला टोचायच्या नाहीत. बहुधा ते डावा हात सांगतील, माणूस डावखुरा असेल तर उजवा. मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा तिथे राखून ठेवायच्या असतात, म्हणजे पुढे फिस्टुला करता येतो. सुई टोचायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं. रात्रपाळीच्या सिस्टरलाही.